गच्चीवरचं भात कोणी कापायचं, याबाबत

मी, केसरीनाथ पदू तरे, राहणार अंजूर, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, धंदा पूर्वी शेती आणि आता नुसतं बसणं, आज हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोळे, कान आणि बरेचसे दातही जागेवर आहेत. बिघाड फक्त काळजात आहे, तो डॉक्टरांनी शोधून काढला आहे आणि सोमवारी ठाण्याला नेऊन छाती उघडायचं ठरवलं आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब टाकू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी बायको चंद्रा. ती गेल्यापासून मी माझ्या मर्जीचा मालक आहे आणि त्याचा मला कंटाळा आला आहे.

लिहून घेणारी ॲडव्होकेट ऋतिका माझ्यासमोर लॅपटॉप उघडून बसली आहे. "काका, असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत," असं ती आत्ताच म्हणाली. मी म्हटलं, "पोरी, मरायचंय मला का तुला? लिही."

घाईचं कारणही लिहावं. आज सकाळी गच्चीवरचं भात कापून वाळत घातलं आहे आणि आता आभाळ भरून आलं आहे. दिवाळी होऊन गेली तरी या पावसाला लाज नाही. मला जिना चढायची डॉक्टरांची बंदी आहे, तरी सकाळी कापायला मी चढलोच. त्यावरून ऋतिकाने माझी काठी काढून घेतली आहे. बूड खुर्चीत आणि जीव गच्चीवर, अशा अवस्थेत मी हे सांगतो आहे. मजकूर मागेपुढे झाला तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

कलम १. घर. तळमजला आणि पहिला मजला माझा मुलगा मनोज याला. दुसरा मजला मुलगी मृणाली हिला. ती काल्हेरला नव्या बिल्डिंगमध्ये सुखात आहे, पण माहेरी आल्यावर चहासाठी कोणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून तिला स्वतःची चूल असावी. दुसऱ्या मजल्यावर आज सफिया आणि तिचा नवरा अब्दुल फकीह भाड्याने राहतात. अब्दुल नारपोलीला लूमवर फिटर आहे. त्यांना राहायचं असेल तोवर कोणी उठवू नये, ही मृणालीला माझी विनंती. गच्चीवरच्या शेतातलं पाणी पाझरून त्यांच्या मोरीत ठिबकतं. सफियाने त्याखाली बादली लावली आणि आजवर ब्र काढला नाही. मनोजच्या छतातून काही ठिबकत नाही, तरी तो रोज बोलतो.

कलम २. बँकेतल्या ठेवी दोघांना निम्म्या निम्म्या. आकडे सांगून दृष्ट लावून घेत नाही.

कलम ३. नांगर मनोजला. त्याला तो गोदामाच्या ऑफिसात भिंतीवर लावायचा आहे. लावावा, पण त्याच्याखाली खुर्ची ठेवू नये. नांगर वजनदार असतो, हे त्याला माहीत असण्याचं काही कारण नाही.

(इथे सफिया खाली येऊन सांगून गेली, "चाचा, ऊपर अजून सुखा है. पण खाडीकडून काळं काळं येतंय." मी उठलो. मला बसवण्यात आलं.)

कलम ४. गच्चीवरचं शेत. सगळं मृत्युपत्र खरं तर या एका कलमासाठी आहे. बाकीचं तोंडी सांगितलं असतं तरी भागलं असतं.

आमची जमीन खाडीच्या अंगाला होती, तिथे आता गोदाम आहे. विकली मीच, सही माझी, त्याचं रडगाणं गाणार नाही. पण भराव पडायच्या आधी मी प्रत्येक खाचरातली माती वेगवेगळ्या गोणीत भरून आणली आणि गच्चीवर विटांचा कट्टा घालून तेच शेत लहान करून मांडलं. दहा पावलांची वीत केली. कोंडीचं खाचर, खारलं, चिंचेखालचं, सगळी आपापल्या जागी, आपापल्या मातीत. खाडीचं पाणी अडवायची उघाडी पत्र्याची केली. खळं ताटाएवढं, शेणाने सारवलेलं. कणगी तांब्याएवढी, बांबूच्या कामट्यांची, तीही लिंपलेली. मातीचे दोन बैल, मातीचा मी आणि मातीची चंद्रा. तिने ती बघून म्हटलं होतं, "माझं नाक एवढं बसकं हाय का?"

भात मात्र खरं लावलं. आमचं लाल खारं भात, माझ्या आजोबांपासून चालत आलेलं. मनोजचा एक मित्र म्हणाला, "काका, स्केल चुकतं. भात घरापेक्षा उंच दिसतं. प्लास्टिकचं लावा, दाण्यांच्या जागी रंगवलेला रवा टाका." मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. माणूस लहान करता येतो, घर लहान करता येतं, दाणा न्हाय करता येत. बैल लोंबीखाली उभा राहिला तर राहू दे.

हे भात आता गावात कोणाच्या शेतात उरलेलं नाही, कारण शेतंच उरलेली नाहीत. एक वर्ष पेरायचं राहिलं, नाहीतर वाळवणात चुकलं, की संपलं. मला मरायची भीती वाटत नाही असं ऋतिकाने लिहू नये. वाटते. आणि त्याहून जास्त या दाण्यांची वाटते, कारण सोमवारी माझं काय होईल ते होईल, पण मागे ठेवलेल्या भाताला मंगळवारी कोणीतरी उलटवायला पाहिजे.

कलम ५. ज्याला हे शेत मिळेल त्याने असं करावं. लोंबी पिवळी झाली आणि खालचे चार दाणे हिरवट असले की कापावं. सगळं पिकायची वाट बघत बसलं तर दाणे मातीत गळतात. कापायचं विळ्यानेच, कात्रीने नाही. मृणालीने एकदा मुलीच्या क्राफ्टच्या कात्रीने लोंब्या कापल्या आणि त्याचे फोटो काढले. "किती क्यूट, बाबा!" माझ्या बापाच्या जमिनीला क्यूट म्हणणारी ती पहिलीच. पेंढ्या लोंब्या आत करून रचाव्यात. झोडून, सुपाने वारा देऊन, पुन्हा उन्हात घालावं. दाणा दाताखाली कट्ट वाजला म्हणजे वाळला. मापताना पहिल्या मापाला "एक" म्हणू नये, "लाभ" म्हणावं आणि मग दोनपासून पुढे. तांब्याएवढ्या कणगीत दुसरं माप जात नाही, तरीही लाभ म्हणावं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. वाळलेलं भात गरम असताना भरू नये. सावलीत निववून मग भरावं. दोन वर्षांपूर्वी मी तापाने पडलो होतो तेव्हा मनोजने मदत म्हणून उन्हातलं भात तसंच बरणीत भरून झाकण घट्ट लावलं. दाण्यांना आतल्या आत घाम आला आणि महिन्याभरात सगळ्या बियाण्याला बुरशी. पोराचा हेतू चांगला होता, हे इथे लिहून ठेवतो. पण चांगल्या हेतूने भात उगवत नाही.

कलम ६. त्या वर्षी बियाणं कुठून आलं, हेही लिहायला पाहिजे, आणि त्यासाठी गोदू वहिनीचं नाव घ्यावं लागेल. आठ वर्षं मी घेतलेलं नाही.

गोदू वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत भावाची बायको. भाऊ गेला, वहिनी शेजारच्या घरात राहते, आमच्या गच्च्यांमध्ये फक्त गुडघाभर कठडा आहे. आमच्या जमिनीही अशाच लागून होत्या आणि मधल्या बांधावरून दोन पिढ्या भांडल्या. मग दोघांचीही जमीन एकाच गोदामाखाली गेली, बांध सिमेंटखाली गाडला, वाटलं मिटलं. कसलं मिटतंय! मी गच्चीवर शेत मांडलं आणि बांध जिथे होता तिथे घातला, चिंचेच्या मुळापाशी. वहिनी कठड्यावरून बघायला आली. सगळं बघितलं, बैलांचं कौतुक केलं, मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "भावजी, बांध माझ्यात घातलाव. दोन बोटं मागं घ्या."

मी म्हटलं, "वहिनी, हे खेळण्यातलं हाय."

"खेळण्यातलं हाय तं मंग घ्या मागं. तुमचं काय जातंय?"

मी घेतला नाही. बांध बरोबर आहे, मोजणीच्या नकाशाप्रमाणे आहे, आणि हे मी काळीज उघडलेल्या अवस्थेतही सांगेन. पुढे मी लग्नाला गेलो असताना वहिनीने गच्चीवर येऊन तो दोन बोटं सरकवला. मी परत जागेवर आणला. तिने परत सरकवला, मी परत आणला. गावाने आम्हाला वेडं ठरवलं. मनोज म्हणाला, "बाबा, ज्या जमिनीवर आता ट्रक उभे राहतात तिच्या बांधावरून गच्चीवर भांडता?" तेव्हापासून बोलणं बंद. पण दर वर्षी वहिनी बांधाच्या तिच्या बाजूच्या चार लोंब्या न विचारता कापून नेते. मी ते बघतो आणि न बघितल्यासारखं करतो.

तर बुरशी लागली त्या वर्षी मी सफियाला म्हटलं, तू तुझ्या नावाने माग. सफियाने मागितलं. गोदू वहिनीने मडक्यातून ओंजळभर दाणे काढून दिले आणि वर निरोप धाडला, "भावजींना सांग, ऊन उतरल्यावर भरायचं असतंय." असा जळफळाट झाला माझा! पण दाणे उगवले, एकूण एक.

(येथे मजकूर थांबला होता. कारण खालीलप्रमाणे.)

पाऊस आला. सरी नाहीत, सरळ बादली उपडी. मी उठलो, ऋतिकाने दंड धरला, "काका, जिना नाही, मी हात जोडते." मनोज गोदामावर, अब्दुल शिफ्टवर. सफिया धावली, पण एकटी बाई काय काय उचलणार? मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिलो. छातीत धडधड, वर पाण्याचा आवाज, आणि माझ्याच्याने एक पायरी चढवेना. एवढं लाचार मला चंद्रा गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. मी मोठ्याने रडलो. ऋतिका हे लिहायला तयार नव्हती. लिही म्हटलं.

मग वरून आवाज आला. "अगो, तशी न्हाय धरायची! लोंब्या आत, लोंब्या आत कर! ते गाडीचं कव्हर आण!" गोदू वहिनी. गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी चढत नाही, ती कठडा ओलांडून आली होती.

थोड्या वेळाने दोघी खाली आल्या, चिंब. भात सफियाच्या खोलीत पंख्याखाली पसरलं होतं, एक पेंढी तेवढी भिजली. वहिनी माझ्यासमोर उभी राहिली, आठ वर्षांनी, आणि पहिलं वाक्य काय? "माझ्या बाजूचं कुणाला इचारून कापलाव?"

सफिया हसली. ऋतिकाही हसली. मला हसू येईना, कारण माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं होतं. सकाळपासून ठरत नव्हतं. मनोजला द्यावं तर तो काचेच्या पेटीत घालून ऑफिसात ठेवेल. मृणालीला द्यावं तर ती फोटो काढेल. दोघंही माझी गुणी लेकरं आहेत, त्यांच्यावर राग नाही. पण त्यांना ती शोभेची वस्तू वाटते. ज्याला ते शेत वाटतं तोच त्याच्या बांधासाठी भांडतो, आणि असं माणूस या गावात माझ्याखेरीज एकच आहे.

सफिया साक्षीदार आहेच, दुसरा हवा होता. वहिनी म्हणाली, "आणा हिकडं, मी करतंय सही. मना लिवता येतंय." टॉवेलने हात पुसून तिने पेन घेतलं. मी म्हटलं, "वहिनी, पेन ठेव." ऋतिकाला म्हटलं, लिही.

कलम ७. गच्चीवरचं शेत, मातीसकट, खळं, कणगी, उघाडी, दोन्ही बैल, विळा, सूप आणि आज कापलेलं सगळं भात मी माझी भावजय श्रीमती गोदूबाई तरे यांना देत आहे. गच्चीवर जाण्या-येण्याचा हक्क त्यांना तहहयात राहील, मनोजने जिन्याला कुलूप घालू नये. बांध आज आहे तिथे बरोबर आहे. माझ्यामागे त्यांनी तो कुठेही न्यावा.

ऋतिकाने वहिनीला समजावलं, "आजी, ज्यांना काही मिळतं त्यांनी साक्षीदार होऊ नये." वहिनीला आधी कळेना. मग तिने ऋतिकाला सातवं कलम परत वाचायला लावलं. वाचून झाल्यावर खुर्चीत बसली. पाणी मागितलं, प्यायली नाही.

"मना नको," म्हणाली.

"वहिनी, आता सांगून झालंय."

"मना नको म्हणतंय ना! मी एकली कुणाशी भांडू? गुमान दवाखान्यातून परत या न् तुमचं तुमी झोडा." आणि पदर तोंडाला लावून वर भात उलटवायला गेली.

सदर शेत श्रीमती गोदूबाई यांनी माझ्या समक्ष नाकारलं आहे, याची मी नोंद घेतली आहे. कलम ७ कायम आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही केली.

सही: केसरीनाथ पदू तरे

साक्षीदार:
१. सफिया अब्दुल फकीह, राहणार वरीलप्रमाणे, दुसरा मजला
२. अब्दुल फकीह, राहणार वरीलप्रमाणे (शिफ्टवरून आल्यावर सही केली)

लिहून घेणार: ॲडव्होकेट ऋतिका

ठिकाण: अंजूर, तालुका भिवंडी
दिनांक: ३० ऑक्टोबर २०२५