प्रार्थनेतलं अप्पांचं नाव

मिशन कॉलेज, हैदराबाद
मार्च १९४८

तीर्थरूप अक्का,
तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

अप्पा गेल्याचं तुझं पत्र मिळालं. गाड्या बंद, म्हणून येता आलं न्हाई. मी बरा हाय, जेवतो. रडू काही येईना. समाधी कुठं दिली, आंब्याखाली का? अव्वाच्या गुडघ्यांना तेल लाव.

पुढचं तिला वाचून दाखवू नको.

आम्ही पोरं इथं छोटा रेडिओ चालवतो, हॉस्टेलपुरता; माईकवर बोललेलं सगळ्या खोल्यांत कर्ण्यातून ऐकू जातं. रोज प्रार्थनेआधी पोरांच्या घरच्या आजाऱ्यांची नावं मी सांगतो. अप्पांचं नाव अजून सांगतोय. तोंडातून निघतंच.

काल पाद्रीसाहेबांनी विचारलं, "वडील कसे आहेत?"

"उतार हाय," म्हणालो.

संध्याकाळी सगळ्या हॉस्टेलनं देवाचे आभार मानले. मीही मानले.

तुझा धाकटा,
वीरभद्र