शून्याचा नियम

मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

प्रतिक्षाचा प्रोग्राम तपासला. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. सानगडीहून रोज बसने साकोलीला येते, वर्गात कधी तोंड उघडत नाही. आणि प्रोग्राम असा सफाईदार की मलाही लिहायला आठवडा लागला असता. एआयचंच काम! नियम मीच केलाय — एआयची मदत घेतली की शून्य. शून्य पडलं तर तिला परीक्षेला बसता येणार नाही. वाईट वाटतंय.

बुधवार, १७ सप्टेंबर

स्टाफरूममध्ये बोलावलं. वाटलं होतं, नाही म्हणेल.

"इचारलं ना मॅडम मी एआयले. लपवून कायले ठेवू? पन ते चार वेळा चुकलं."

कुठे चुकलं, म्हटलं.

"फळ्यावर दाखवू का?"

शून्य टाकायला पेन उघडलं होतं. बंद केलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

लॅबमध्ये तिची तोंडी परीक्षा घेतली. आमचे विभागप्रमुख भोजराज सरही येऊन बसले — मागच्या बाकावर, हाताची घडी घालून.

गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या धानाला कधी सोडायचं, त्याची पाळी लावणारा प्रोग्राम आहे. तिचे आजोबा देवाजी तलावाचं तुडूम उघडतात, म्हणजे पाणी सोडायची मोरी. एआयने सगळ्यांना सारखे तास वाटून दिले होते.

"वरच्या बांधीतलं पानी झिरपून खालच्या बांधीत येते, मॅडम. खालच्याले तेवढं लागतच नाही. एआयले सांगितलं तर चुकलं म्हणते, अन् पुन्हा तेच करून ठेवते."

मग तेवढा भाग तिने स्वतः लिहिला. आजोबांसोबत बांधावर फिरून, एकेका बांधीचं, म्हणजे धानाच्या खाचराचं, विचारून.

मी फळा पुसला. म्हटलं, पुन्हा लिही. खडू कुठेच अडला नाही. सरांनी मध्येच टोकलं — मधलं एक शेत पडीक राहिलं तर? तिने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि दोन ओळी बदलल्या. बस, दोनच. सर उठून फळ्याजवळ गेले, चष्मा लावून वाचत राहिले.

अकरा वर्षं शिकवतेय. आज माझ्या अंगावर काटा आला.

शनिवार, २० सप्टेंबर

फळा अजून पुसू दिलेला नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

नियम बदलला. भोजराज सर म्हणाले, "पोरं फायदा घेतील, मॅडम." म्हटलं, घेऊ द्या. फळ्यासमोर तर मीच उभं करणार आहे त्यांना.

नवी नोटीस लावली: एआय वापरा. पण काय विचारलं, ते कुठे चुकलं, तुम्ही काय दुरुस्त केलं, हे लिहून द्या. मग तोंडी. शून्य देण्याआधी प्रत्येकाशी बोलायचं — हे शेवटचं वाक्य लिहिताना मागच्या वर्षी दिलेलं एक शून्य आठवलं.

रविवार, २८ सप्टेंबर

आंबागडला जाऊन आले. तिथला अंकुश मागच्या वर्षी माझ्या वर्गात होता. जुन्या नियमाने त्याला शून्य दिलं, त्याने कॉलेज सोडलं. आज अंगणात खुर्ची टाकली त्याने, चहा दिला. मी त्याच्या त्या प्रोग्रामचा विषय काढला.

"मीच लिहिला होता, मॅडम. तुम्ही इचारलंच नाही."