मुदतीआधी फेडलेलं घर

दि. ४ मार्च

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन महिना झाला आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून रागावू नका. सध्या या घरातला सगळा राग मी एकटीने घेऊन ठेवला आहे, दुसऱ्या कुणाला पुरणार नाही.

परवा आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली. तुमचे बंधुराज संध्याकाळी लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आले ते गालातल्या गालात हसतच. ग्रीसचे हात दोनदा धुतले, केसांना पाणी लावलं आणि माझ्या हातात एक लिफाफा ठेवला. म्हटलं, बारा वर्षांत या माणसाला प्रथमच काही सुचलं. उघडते तर आत बँकेची पावती. घराच्या कर्जात जादा भरणा केल्याची. रक्कम वाचली, पुन्हा वाचली. ताई, ते माझे पैसे होते.

लोकांच्या पँटी आखूड करून, चेनी बदलून, अख्ख्या इमारतीचे पडदे शिवून सहा वर्षांत साठवलेले. बाजाराच्या कोपऱ्यावरचा चावीवाला या महिन्यात गाळा सोडतोय आणि मालक, तो औषधांचं दुकान चालवणारा, मला गाळा द्यायला तयार आहे, हे मी तुम्हाला कळवलंच होतं. अनामत भरायची तेवढी बाकी होती. मशीन कुठे ठेवायचं, इस्त्रीचं टेबल कुठे मावेल, सगळं मी डोळ्यांनी मोजून ठेवलं होतं. यांनाही सांगितलं होतं, एकदा नाही, दहादा. दरवेळी हूं हूं केलं. तो हूं कशाचा होता ते आता कळलं. पैसे दोघांच्या खात्यात होते, कारण वेगळं खातं कशाला, आपण काय परके आहोत का, असं यांचंच म्हणणं.

या घरात हप्त्याचं राज्य आहे हे तुम्ही पाहिलंच आहे. टूथपेस्टची नळी कात्रीने उभी चिरून आतून पुसून घ्यायची. हॉलमध्ये असा दिवा की सुईत दोरा ओवायला मला खिडकीत जावं लागतं. लेकीच्या बुटात पुठ्ठा. मी काही म्हटलं नाही, कारण कर्ज लवकर फिटावं असं मलाही वाटत होतं. पण माझा गाळा न विचारता बँकेच्या घशात घालायचा आणि वर मी हरखून जावं अशी अपेक्षा करायची? हे तर तोंड पाडून बसले आहेत, मी आभार मानले नाहीत म्हणून.

तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला सांगू? तुमची माया आहे म्हणून इतकं लिहिलं, ती अशीच असू द्या.

तुमची,
वहिनी


दि. ११ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा भाऊ लहानपणापासून ठोंब्या आहे हे मला माहीत होतं, पण मोठेपणी त्यात इतकी प्रगती केली असेल असं वाटलं नव्हतं. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोचेच पैसे उडवून बायकोलाच पावती देणारा हा पहिलाच असेल.

तू पदराने डोळे पुसत बसू नकोस. त्याला दंडाला धरून बँकेत ने आणि पैसे परत मिळतात का ते विचार. मिळतील असं मला वाटत नाही, बँक गिळलेलं ओकत नाही. पण तो तिथे उभा राहून तोंडाने मागू दे तरी. आणि औषधवाल्याला आधी भेट. महिनाभर थांबतो का बघ. गरज पडली तर मी थोडेफार पाठवीन. माझ्याकडे फार नाही, दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी मोजणाऱ्या बाईकडे असून असणार किती, पण आहे ते आहे.

एक मात्र सांगते. तू मला त्याच्या नावाने बोटं मोडत पत्र लिहिलंस हे बरं केलंस. माझा भाऊ म्हणून गप्प बसली असतीस तर मी तुझ्यावर रागावले असते.

माझी इथली खोली बरी आहे, गुडघा तसाच आहे. लेकीला पापा. आहे तो लोभ तसाच ठेव, नवा मागत नाही.

तुझी,
ताई


दि. १९ मार्च

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं यांना बँकेत नेलं. दंडाला धरावं लागलं नाही, पण सगळी वाट हे माझ्या चार पावलं मागून आले.

काचेमागचा साहेब अगदी पोरगेला होता. म्हणाला, भरलेली रक्कम परत देण्याची सोय नाही, मात्र तेवढ्याच रकमेचं नवं कर्ज आनंदाने देऊ. व्याजाचा दर विचारला तर घराच्या कर्जाच्या जवळजवळ दुप्पट, शिवाय त्याची फी वेगळी. म्हणजे माझेच पैसे मला दुप्पट व्याजाने. मी आवाज चढवला. तेव्हा त्याने संगणकात डोकं घातलं आणि अगदी अदबीने विचारलं, की बाई, आपला या कर्जाशी संबंध काय. मी म्हटलं, पैसे माझे आहेत, मी घरातलीच आहे. तर म्हणाला की कर्जदार एकच आणि घराचा मालकही एकच, दोन्हीकडे साहेबांचं नाव आहे, त्यामुळे तक्रार त्यांनाच करता येईल. मी यांच्याकडे बघितलं. हे छताला लावलेल्या पंख्याकडे बघत होते.

मला आठवलं सगळं. घर घेतलं तेव्हा लेक व्हायची होती आणि मी दवाखान्यात होते. सह्यांची घाई होती. तुझं नाव नंतर घालू, असं हे मला खाटेजवळ उभं राहून म्हणाले होते. लेक आता आठ वर्षांची आहे. मीही कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं वाटलंच नाही.

परतीच्या वाटेवर हे एकच वाक्य घोकत होते, की नाव कुणाचं का असेना, घर आपलंच आहे. मी तशीच औषधवाल्याकडे गेले. तो भला माणूस, पण त्याने गाळा आदल्या दिवशीच मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला दिला होता. दोनदा निरोप पाठवला, म्हणाला. चावीवाल्याची पाटी उतरवत होते. मी उगीचच तिथे उभी राहिले, मग कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

पैसे पाठवू नका, आता उपयोग नाही. माझी आठवण ठेवता, तेवढं पुरे.

तुमची,
वहिनी


दि. २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी वहिनी तुला सगळं लिहिते हे मला ठाऊक आहे, तेव्हा आता माझंही ऐक.

काल कामावरून आलो तर सोफा झोपायच्या खोलीत उभा करून ठेवलेला. हिने शिलाईच्या टेपने अख्खं घर मोजलं आहे. घराच्या किमतीत हिची रक्कम किती, तेवढी जागा किती, असा हिशोब करून फरशीवर खडूची रेघ मारली आहे. हॉल खिडकीपासून दारापर्यंत हिचा. हिशोब मी तपासला. बरोबर आहे. तिथे हिने मशीन मांडलं, मोठा दिवा लावला आणि दारावर पाटी ठोकली. आज जेवायला बसलो तर एक अनोळखी माणूस माझ्या घरात हात वर करून उभा आणि ही त्याची कंबर मोजते आहे. मी पाणी प्यायला जातो तर म्हणते, गिऱ्हाईक असताना मधून जायचं नाही.

हेही सहन करीन. पण आता म्हणते, घराच्या कागदावर माझं नाव चढवा. बँकेची परवानगी, वकील, सरकारी शुल्क, सगळं मिळून दोन हप्ते निघतील एवढा खर्च आहे. आणि कशासाठी? मी काय पळून जाणार आहे? मी सिगारेट ओढत नाही, मित्रांबरोबर बसत नाही, चार वर्षं नवा शर्ट घेतला नाही. त्या पैशांनी किती व्याज वाचलं ते मी हिला तीन वेळा मांडून दाखवलं. गाळ्याला भाडं भरत बसायचं की स्वतःचं घर मोकळं करायचं, हे कुणा शहाण्याला विचार. हा सरळ अविश्वास आहे, ताई. माझं काय चुकलं ते मला कळत नाही. तू तरी तिला समजाव.

तू माझ्या बाजूने बोलशील अशी आशा आहे. नाहीतरी मला तुझ्याशिवाय कोण आहे?

तुझा,
भाऊ


दि. २८ मार्च

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत, लायक झालास की पाठवीन.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं नाही, एकदा वाचूनच डोकं भणाणलं. व्याज वाचलं म्हणतोस. तुझा आकडा चुकला असं कोण म्हणतंय? शाळेतही तुझी बेरीज कधी चुकली नाही. दुसऱ्याचा डबा मात्र न विचारता खायचास, आणि विचारलं की म्हणायचास, आपण एकाच बाकावर बसतो ना.

पळून जाणार आहे का, असं विचारतोस. आता नीट ऐक, कारण हे मी तुला कधी सांगितलं नाही. आमचं घर आम्हाला फार मोठं पडत होतं म्हणून आम्ही विकलं, असं तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. ते खोटं आहे. ते घर तुझ्या भावजींच्या नावावर होतं आणि त्याचे हप्ते मी भरले. दिवसपाळी आणि वर रात्रपाळी करून भरले. मुदतीआधी फेडलं, तुझ्यासारखंच मोठ्या हौसेने. बँकेने घराचे कागद सोडले तेव्हा मी पेढे नाही वाटले, सरळ झोपले, इतकी दमले होते. पुढे वर्षाच्या आत एक दिवस एक बाई दारात आली आणि खिडक्या मोजायच्या आहेत म्हणाली. मी म्हटलं, कुठल्या? तर म्हणाली, आम्ही हे घर घेतलंय, पडदे शिवायला टाकायचे आहेत.

त्यांनी धंद्यासाठी विकलं होतं. मी जाब विचारला तेव्हा म्हणाले, माझ्या नावाचं घर मी विकलं. धंदाही बुडाला. तो माणूस वाईट नव्हता रे. दारू नाही, मारणं नाही, कुठे पळूनही गेला नाही. शेवटपर्यंत माझ्याजवळच होता. त्याच्या मागे त्याच्याबद्दल वाईट नको म्हणून मी गप्प राहिले, आणि तुम्ही सगळे मला विचारत राहिलात की ताई, तू दवाखान्याच्या एका खोलीत कशी काय राहतेस.

तू चांगला आहेस हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. पण ती तुझ्या चांगुलपणावर का म्हणून राहील? दोन हप्त्यांचा खर्च आहे ना, मग कर. आणि नाव चढेपर्यंत मला पत्र लिहू नकोस.

रागावलेली असले तरी तुझीच,
ताई


दि. २५ एप्रिल

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

नाव चढलं. वकिलाने फी घेतली, बँकेने परवानगी द्यायची फी घेतली, सरकारने त्याहून जास्त घेतली. हे प्रत्येक खिडकीवर उसासे टाकत होते, पण पैसे मोजत होते. कारकुनाने विचारलं, बाईंचा वाटा किती लिहू. हे लगेच म्हणाले, अर्धा. मग माझ्याकडे वळून विचारलं, की चालेल ना. बारा वर्षांत यांनी मला पैशाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मी मुद्दाम तो पुन्हा विचारायला लावला.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी हे ते घेऊन गच्चीवर गेले आणि बऱ्याच वेळाने खाली आले. मला वाटलं, तुम्ही चांगलं फैलावर घेतलं असेल. दोन दिवसांनी पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः आत जाऊन बसले. ताई, मी ते वाचलं. तुम्ही आमच्याकडे राहायला यायचात तेव्हा माझ्या पडद्यांना हात लावून बघायचात. मला वाटायचं, शिलाई बघता आहात.

हॉल यांनी परत मागितला नाही. काम बरं चाललं आहे. जादा उरेल ते आता माझ्या वेगळ्या खात्यात जातं, गेली तेवढी रक्कम भरून येईपर्यंत. त्यानंतर काय ते दोघं बसून ठरवू. कर्ज फिटायचं तेव्हा फिटेल. माझा राग गेला असं समजू नका. गाळ्यावरून जाताना अजून माझं डोकं फिरतं आणि मी घरी येऊन यांच्याशी बोलत नाही. हेही आता का म्हणून विचारत नाहीत.

आता यांचा एक हट्ट. ताईने त्या घरात एकूण किती भरले ते विचार, म्हणतात. आकडा कळला की तेवढे तुम्हाला हप्त्याहप्त्याने देणार म्हणे. हे तुमचं देणं नाही, भावजींचं होतं, असं मी यांना समजावलं. पण ऐकत नाहीत. आकडा हाती लागल्याशिवाय या माणसाला चैन पडत नाही. तेव्हा जमलं तर कळवा.

तुमच्यासारखी नणंद मला मिळाली हे कधी तोंडाने बोलले नाही, म्हणून आज लिहून ठेवते.

तुमची,
वहिनी


दि. २ मे

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ. चि. ठोंब्यासही या खेपेला आशीर्वाद.

अर्धा वाटा वाचून बरं वाटलं. फार बरं वाटलं. पत्र धुलाईघरातल्या तिघींना वाचून दाखवलं. तिघीही आपापल्या घरचे कागद बघतो म्हणाल्या.

त्याला सांग, एवढा खुळेपणा करू नकोस. मला त्याच्याकडून एक पैसा नको. आणि आकडा मी सांगू म्हटलं तरी सांगू शकत नाही. दर महिन्याला पावती आमच्या यांच्या नावाने फाटायची आणि मी ती भोक पाडून यांच्याच फायलीत नीट लावून ठेवायचे. घर विकलं तेव्हा यांनी फाईलही घराबरोबर नव्या मालकाला दिली. माझ्याकडे एकही पावती नाही.

तुमचं दोघांचं माझ्यावर प्रेम आहे. त्याला कागद लागत नाही, ते तसंच राहू द्या.

तुझी,
ताई