मांडी घालून ऐकलेला अल्बम

बाबा, तो केशरी कव्हरचा अल्बम वाईट नाही. तुम्ही त्याला नापास केलंत आणि तुमच्या एका शब्दाखातर मी इतकी वर्षं त्याच्या वाटेला गेले नाही. गेल्या रविवारी, तुमच्या आठवणीसाठी दरवर्षी जी बैठक होते तिच्यात, मी तो लावला. तुमच्याच डेकवर, तुमच्याच मित्रांसमोर. बँकेतले काका मधेच उठून गेले. आई म्हणते, जाऊ दे, राग उतरला की येतील. येतील की नाही मला माहीत नाही. पण मी चुकले नाही, आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, कारण पास काय आणि नापास काय हे मी शाळेत जायच्या आधी तुमच्याकडूनच शिकले.

नाशिकच्या सिडकोतलं आपलं वरच्या मजल्यावरचं घर. रविवारची सकाळ. तुम्ही सतरंजी अंथरता, डेकचं हेड कापसाने पुसता, आणि तुमचे चार मित्र जिन्यात चपला काढून आत येतात. आठवडाभर अंबडच्या टूलरूममध्ये मायक्रॉनवरून वाद घालणारा माणूस त्या दिवशी फक्त एका परदेशी रॉक बँडचा असतो. नियम तुमचेच. कॅसेटची एक बाजू सलग ऐकायची, मांडी घालून, तोंड बंद ठेवून. मान हलली तर चालेल, पाय हलता कामा नये. पायाने ताल धरणाऱ्यांनी ऑर्केस्ट्राला जावं, असं तुमचं म्हणणं. बाजू संपली की आई पोहे आणते आणि मग तुमचा निकाल येतो: पास, रीवर्क म्हणजे दुरुस्तीला परत, किंवा नापास, कंपनीत पार्ट तपासल्यासारखा. मी तुमच्या शेजारी बसलेली असते. मोजायलाही मी तिथेच शिकले, ड्रमवर. चारपर्यंत जायचं आणि पुन्हा एकवर यायचं. बालवाडीत बाई दहापर्यंत म्हणायला सांगायच्या आणि मी चार झाले की परत एकपासून सुरू करायचे. शेवटी बाईंनी तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मोजतेय बरोबर ती. तुमचं गाणं वेगळं आहे." बाई हसल्या नाहीत. मी मात्र तुमचं बोट धरून घरी येताना स्वतःला फार मोठी समजत होते.

मग ती केशरी कॅसेट आली. तुमचा बँड तोवर उतरणीला लागला होता, बरीच वर्षं त्यांचं नवीन काही आलं नव्हतं, त्यामुळे त्या रविवारी सगळे वेळेच्या आधीच हजर. खालच्या मजल्यावरचे काका रात्रपाळी करून झोपलेले असायचे म्हणून आपल्याकडे बेसचं बटण कायम शून्यावर, आणि चुकून कोणी फिरवू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी. कॅसेट सुरू झाली. गिटार कुठेतरी मागे, पुढे मशीनचा ठेका, क्लबात नाचायला वाजवतात तसा. कोणी कोणाकडे बघेना. माझ्या पायाचा अंगठा हलला. तुम्ही माझ्याकडे न बघताच माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि बाजू संपेपर्यंत तो उचलला नाहीत.

"वरातीला वाजवायला काढलाय काय?" बँकेतले काका म्हणाले.

"आपल्या वरातीत तरी चालायचा नाही," तुमच्या टूलरूममधले काका म्हणाले. "नाशिक ढोलापुढे हे म्हणजे डबा वाजवल्यासारखं वाटतंय."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला खरंच वाईट वाटलं होतं, घरातलं कोणी बिघडल्यासारखं. "नापास," तुम्ही म्हणालात, "रीवर्कसुद्धा नाही." मी विचारलं, मी एकटीने परत ऐकू का. तुम्ही म्हणालात, "कान बिघडवून घेऊ नकोस." ती कॅसेट कपाटात मागच्या रांगेत गेली. माझ्या पायाला अक्कल नाही हे मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं, आणि त्यानंतर कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, मैत्रिणींच्या हळदीत, कुठेही नाचले नाही. लोकांना वाटायचं लाजते. मी लाजत नव्हते, मी नियम पाळत होते.

या वर्षी डॉक्टरांनी पाठीसाठी जिम सांगितली. तिथे ट्रेडमिलवर चालताना एक गाणं लागलं आणि माझा वेग आपोआप वाढला. मला इतकं बरं वाटत होतं की मी घाबरून मशीन बंद केलं आणि ट्रेनरला विचारलं, हे कोणाचं आहे. त्याने फोनमध्ये बघितलं. "जुनं आहे मॅडम. कोणीतरी म्हातारे गोरे आहेत." फोनवर ते केशरी कव्हर होतं.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी एका ऐकण्यावर विश्वास ठेवला नाही. घरी येऊन इयरफोन लावून, मांडी घालून ऐकलं: तुमचं बरोबर वाटलं. दुसऱ्या दिवशी चालताना ऐकलं: तुमचं चूक वाटलं. इंटरनेटवर शोधलं तर या अल्बमवरून लोक अजून भांडताहेत. जुने चाहते म्हणतात, फॅशनच्या मागे लागून यांनी स्वतःला विकलं. माझ्या वयाचे म्हणतात, या बँडचं आम्हाला एवढंच आवडतं. मधले काही जण कबूल करतात की तेव्हा शिव्या दिल्या आणि आता गाडीत लपूनछपून ऐकतो. मी सगळ्यांचं वाचलं, दोन्हीकडचे मुद्दे तपासले, आणि मला एकाचंही तुमच्याइतकं ओझं वाटलं नाही. त्यांच्याशी मला काही सिद्ध करायचं नव्हतं.

उत्तर मला कामावर सापडलं. मीही अंबडलाच आहे, क्वालिटीमध्ये. आमच्याकडे एका नवीन मुलाने पंप कोरडा चालवून बघितला आणि रिजेक्टची पट्टी लावून मोकळा झाला. मी त्याला म्हणाले, अरे, पाणी न सोडता पंप तपासतात का? आणि वाक्य तोंडात असतानाच मला आपली सतरंजी दिसली. बाबा, नाचाचा अल्बम तुम्ही पाच जणांनी मांडी घालून ऐकलात. बेस शून्यावर ठेवून, त्यावर चिकटपट्टी लावून. ज्यात सगळं बेसमध्ये आणि पायात आहे, त्याचे पाय बांधलेत, बेस काढून घेतलात आणि मग म्हणालात, यात काही नाही. तुमच्या टूलरूममध्ये कोणी अशी तपासणी केली असती तर तुम्ही त्याला उभं केलं नसतंत.

आईला हे सांगितलं तर ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "मी लावायचे ती. तुझे बाबा पहिल्या पाळीला गेले आणि खालचे भावजीही घरी नसले की. ती पट्टी काढायचे, परत चिकटवायचे."

"कशी वाटायची?"

"मला काय विचारतेस. भांडी पटकन व्हायची."

बैठकीच्या आदल्या दिवशी मी खालच्या काकांकडे परवानगी मागायला गेले. ते आता रिटायर झालेत. "वाजव की," ते म्हणाले, "तुझे बाबा वर एवढं काय ऐकायचे ते मलाही कळू दे एकदा." तेवढ्यात बँकेतल्या काकांचा फोन आला, आईने त्यांना सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, "बाळा, त्याच्या दिवशी त्याला न पटलेली गोष्ट कशाला? आम्ही त्याच्यासाठी येतो." तुम्ही कसे बोलायचात, कशावर चिडायचात, हे मला सांगणारी एवढी चारच माणसं उरली आहेत आणि त्यातलं एक मी गमावणार, हे मला तिथेच कळलं होतं. मी म्हणाले, "काका, त्यांना जे पटायचं तेच लावायचं असेल तर आपण ऐकायला बसतो कशाला?"

रविवारी पोह्यांच्या आधी मी सतरंजी गुंडाळली. पट्टी काढली, बटण अर्ध्यावर नेलं. "उभं राहून ऐकायचं," म्हणाले. टूलरूममधल्या काकांनी गुडघे बदलून घेतलेत, ते म्हणाले, "चला, मांडीपासून सुटका झाली एकदाची." पहिल्या गाण्याला खिडकीची तावदानं थरथरली. दुसऱ्याला टूलरूमचे काका भिंतीला हात टेकून डोलायला लागले. बाकीचे दोघे कपाळाला आठ्या घालून उभे होते आणि दोघांच्याही टाचा हलत होत्या. बँकेतले काका खुर्चीवर बसून होते, हाताची घडी घालून. तिसऱ्या गाण्यात ते उठले. "तुझ्या बाबाने हे होऊ दिलं नसतं," म्हणाले, आणि जिन्यात जाऊन चपला शोधू लागले. मी मागे गेले नाही. डेक बंद केला नाही. बाजू संपली तेव्हा टूलरूमचे काका म्हणाले, "आपण हा ऐकलाच नव्हता." पास म्हणाले नाहीत. ते म्हणायचा हक्क ते अजून तुमचाच समजतात. मी समजत नाही. दुसऱ्या बाजूची शेवटची दोन गाणी रटाळ आहेत, ती मी रीवर्कमध्ये टाकली. बाकीचा अल्बम मी पास केला आहे.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टपालात टाकलं नसतं. बँकेतल्या काकांना मी फोनवर दिलेलं उत्तर नंतर सगळ्यांना कळलं आणि आईला माझा अभिमान वाटला, पण काकांचं जातानाचं वाक्य खरं होतं. तुम्ही त्या खुर्चीवर असतात तर मी सतरंजीला हात लावला नसता.