उभ्याने कॉफी, बसून कॉफी

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा पट्ट्यात आवळलेला आहे, म्हणून तूर्त मनातल्या मनात घातला आहे. पोचला असं समज.) तुझी रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि जरा बरं वाटलं की ती तू परस्पर बंद करत नसशील, अशी आशा करते. दाजींचा खोकला थांबला का? नसेल तर ते अजून पंख्याखालीच झोपतात, हे मला न विचारता कळतं.

युरोपची सहल कशी झाली, असं तू फोनवर विचारलंस आणि मी नुसतं "छान" म्हणाले, कारण त्या वेळी खजिनदार समोरच्या खुर्चीत बसले होते. आता खरं काय ते लिहिते.

खजिनदार म्हणजे माझे दीर. बँकेने त्यांना हेडकॅशियरच्या जागेवरून निवृत्त केलं, पण त्यांनी ते मनावर घेतलेलं नाही. सहल चार दिवसांची, शहर एकच आणि माणसं तीन: ते, त्यांची बायको (माझी जाऊ, तिला मी धाकटी म्हणते) आणि मी. विमानाचे आणि हॉटेलचे पैसे आधीच भरले होते. प्रश्न उरला हातखर्चाचा. तिघांनी सारखे युरो काढायचे आणि ते खजिनदारांनी सांभाळायचे, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. जिच्या कमरेला रुग्णालयातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली असायची, त्या मेट्रनचे पैसे तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या पाकिटात गेले, आणि पावती मागितली तर म्हणाले, "वहिनी, घरच्या घरात पावती कसली?" (हे असते तर दोघा भावांनी मिळून आम्हा बायकांना पाणीसुद्धा घोट मोजून दिलं असतं.)

माझं मागणं एकच होतं. आपल्या मिशनच्या शाळेतल्या शिवणाच्या सिस्टर आठवतात ना? त्याच बाजूच्या होत्या त्या. आपण टाके घालत असू आणि त्या सांगत, आमच्याकडे गावाच्या मध्यावर फरसबंद चौक असतो, चौकात घड्याळाचा मनोरा, मनोऱ्यासमोर वेताच्या खुर्च्या; तिथे पाठ ताठ ठेवून, कप बशीवर न आपटता कॉफी प्यायची आणि घड्याळाचे टोले ऐकायचे, कोणी उठ म्हणत नाही. माझं उभं आयुष्य वॉर्डात उभ्याने गेलं ताई. तेव्हा मी निघतानाच सांगून ठेवलं होतं: मला राजवाडे नकोत, चित्रं नकोत, त्या चौकात एकदा बसून कॉफी पाहिजे. खजिनदार म्हणाले, "कॉफी काय, रोज पिऊ."

रोज प्यायलो. उभ्याने. त्याचं असं की तिथल्या कॉफीच्या दुकानांत भिंतीवर दरांचे दोन रकाने असतात. आत फळीशी उभं राहून प्यायलात तर एक दर, बाहेर खुर्चीवर बसून प्यायलात तर त्याच्या दुपटीहून जास्त. कॉफी तीच, कप तोच, फरक फक्त बुडाखालच्या वेताचा. खजिनदारांनी तो रकाना वाचला, मनातल्या मनात आपल्या पैशांत गुणाकार केला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी सवयीने त्यांची नाडी पाहायला हात पुढे केला. "एवढ्यात आपल्याकडे खुर्ची विकत येते, वहिनी," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग आणा विकत, तिच्यावर बसते."

पण खरी फजिती पुढेच. त्यांनी प्रत्येक दिवसासाठी चार पाकिटं केली होती: खाणं, प्रवास, तिकिटं आणि किरकोळ. त्या देशात स्वच्छतागृहाला पैसे पडतात, हे त्यांनी कुठेच धरलं नव्हतं. दाराशी एक बाई बशी घेऊन बसते, नाहीतर नाणं टाकल्याशिवाय न फिरणारा दांडा असतो. आम्ही दोघी साठी उलटलेल्या आणि हवा गार. पहिल्याच दुपारी किरकोळ संपलं. मग तिकिटांच्या पाकिटातून उसनं घेणं आलं, म्हणजे आम्ही संग्रहालय पाहिलं नाही, पण त्याच्या तिकिटाचे पैसे मात्र शहरातल्या निरनिराळ्या बशांत टाकून आलो. संग्रहालयाच्या आत तिकिटावर स्वच्छतागृह फुकट होतं, ही दारावरची पाटी मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यावर त्यांनी काय करावं? आमच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहू लागले. "आत्ताच तर प्यायलीस," असं बायकोला म्हणाले. रुग्ण किती प्यायला आणि किती वेळा गेला, याचा तक्ता मी जन्मभर ठेवला. पण कोणी माझा ठेवेल, तोही माझ्याच पैशांनी, असं कधी वाटलं नव्हतं.

जेवणाचं तर विचारूच नकोस. हॉटेलात सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यात होता, म्हणून तो दुपारचं धरून करायचा असा हुकूम होता. धाकटी रोज कागदी रुमालात पाव आणि उकडलेली अंडी गुंडाळून पर्समध्ये टाकायची. एका चर्चमध्ये सगळे डोळे मिटून बसलेले असताना तिची पर्स उलटली आणि एक अंडं गडगडत थेट वेदीपर्यंत गेलं. मी लगेच हात जोडून प्रार्थनेत शिरले. शाळेचं शिक्षण असं अडीअडचणीला उपयोगी पडतं.

शेवटच्या दुपारी खजिनदारांनी जाहीर केलं की आता सगळ्यांनी खोलीत आराम करायचा, आरामाला तिकीट नसतं. मी पडून छताकडे पाहिलं आणि ठरवलं, बस्स झालं. सिस्टरांचा चौक गल्लीपलीकडे होता आणि उद्या पहाटे विमान. माझ्या गुडघ्याच्या पट्ट्यात, आतल्या अस्तरात, मी घरून निघतानाच एक नोट शिवून नेली होती (दुहेरी टाका, सिस्टरांनी शिकवलेला). चर्चमध्ये जाऊन येते, असं सांगून निघाले. धाकटी म्हणाली, मीही जरा बटणांच्या दुकानाची काच बघून येते. खजिनदार म्हणाले, मीही उद्याच्या विमानतळाच्या बसचा थांबा पाहून ठेवतो.

चौकात गेले. वेताच्या खुर्च्या होत्या, मनोरा होता, ऊन होतं. मी बसले, कॉफी मागवली, ती आलीसुद्धा. टेबलाखाली वाकून पट्टा सोडवत होते, नोट काही निघेना. तेवढ्यात पलीकडच्या टेबलाखाली एक ओळखीची पर्स दिसली. धाकटी! समोर केकचा केवढा तरी तुकडा, आणि डोळे माझ्या गुडघ्यावर. ती म्हणाली, "वहिनी, यांना सांगू नका हं." मी म्हटलं, "आधी तोंड पूस." आणि आम्ही दोघींनी एकदम मान वळवली, कारण खांबामागे कोणीतरी चमच्याने कप ढवळत होतं, आणि नाण्यांची चळत लावल्यासारखं इतक्या नेमाने ढवळणारा माणूस आम्हाला एकच ठाऊक आहे.

खजिनदार. बसलेले. बुटात दडवून आणलेल्या पैशांनी. तिघांकडेही चोरपैसे होते ताई, आणि तिघंही चार दिवस अंडी खात हिंडलो होतो.

मग ते आपला कप घेऊन आमच्याकडे आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "वहिनी, ही कॉफी हिशेबात धरायची नाही." मी पाठ ताठ केली, कप बशीवर आवाज न करता ठेवला आणि म्हटलं, "कुठली कॉफी?" तेवढ्यात टोले पडले. सिस्टर खोटं बोलत नव्हत्या. कोणी उठ म्हणालं नाही.

दाजींना नमस्कार, आणि पंखा बंद करायला सांग.

तुझी धाकटी बहीण

ता. क. खजिनदारांनी राजीनामा दिला आहे. पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी एकमताने माझी निवड झाली. पाकिटं करून ठेवली आहेत, स्वच्छतागृहाचं वेगळं.

ता. क. २. चौथं माणूस असलं तर खोल्या स्वस्त पडतात. तू चल. टाके तूही घातलेस त्या वर्गात, चौक तूही पाहिला पाहिजेस. तुझा वाटा या महिन्यात पाठव. पावती मागू नकोस, घरच्या घरात पावती कसली?

ता. क. ३. कॉफी मी उभ्यानेच धरली आहे, दुसरा दर परवडण्यासारखा नाही. तुला बसायचंच असेल तर पैसे कुठेतरी शिवून आण आणि मला सांगू नकोस. शेवटच्या दुपारी मी खांबामागच्या टेबलाशी असेन.