निल्स काकांचं घराणं

ब्रेक्के शेत, मिनेसोटा
रविवार, ४ नोव्हेंबर १९२३, दुपारचे साडेतीन

प्रिय ताई,

आत्तापर्यंत मी कणसं सोलायच्या हातमोज्याचा फाटका अंगठा शिवत होतो. रविवारी सुई धरायची नाही हे मला ठाऊक आहे. पण उद्या पहाटे दंव पडणार, आणि अंगठा उघडा राहिला की दुपारपर्यंत रक्त येतं. बाबा झोपले आहेत. ते उठायच्या आत हातमोजा आणि पत्र दोन्ही आवरायचं आहे.

आम्ही सगळे बरे आहोत, तूही असशील. तू टकोमाहून पाठवलेलं खारवलेल्या माशांचं पिंप पोचलं. बाबा म्हणाले, मीठ कमी पडलंय, आणि तीन वेळा वाढून घेतलं. त्यांचा गुडघा थंडीत धरतो, पण कणसं काढायला ते उतरतातच. निल्स काका रोज सकाळी त्यांच्या शेतावरून येतात. आधी आमचा मका आणि मग त्यांचा, हे नेहमीचंच. दोघं शेजारच्या ओळींतून चालतात, सोललेली कणसं बाजूच्या गाडीत फेकतात आणि दिवसभर तोंड चालू असतं.

"निल्स, तुझी कणसं गाडीत पडतात की जमिनीवर?"

"तू पुढे बघ, टोर्गर. तुझी राहिलेली मी मागून गोळा करतोच आहे."

दुपारचं जेवण काकांची राग्ना आणून देते. ती जानेवारीत मिनियापोलिसला जाणार आहे, दवाखान्यात परिचारिकेचं काम शिकायला. काका ज्याला त्याला अभिमानाने सांगतात.

आता मुख्य गोष्ट. समुद्रापलीकडच्या आपल्या जुन्या दरीतून इकडे आलेल्या लोकांचं जे मंडळ आहे, ते एक पुस्तक छापतं आहे. प्रत्येक घराण्याला एक पान. वरती तिकडच्या पिढ्या, खाली इकडच्या, आणि तळाला घरातल्या वडीलधाऱ्याची सही. महिनाअखेर पान पाठवायचं, नंतर काही बदलता येणार नाही. बाबांनी ते काम माझ्यावर टाकलं. म्हणाले, "सातवीत शाळा सोडलीस, पण अक्षर पाद्र्यापेक्षा बरं आहे तुझं."

आजोबांच्या वर कोण, हे बाबांना नीट सांगता येईना. म्हणून मी एका शनिवारी मोएन आजींकडे गेलो. त्या तिकडच्या, जुन्या ब्रेक्केच्या शेजारच्याच शेतावर वाढल्या. आता लांबच्या गावात नातीकडे असतात, दिवसभर मोजे विणतात आणि त्यांना सगळं आठवतं.

"एरिकपासून धर," त्या म्हणाल्या. "त्याने जात्याचा दगड बर्फावरून घसरवत आणला. तो दगड अजून तिथेच असेल. त्याचा टोर्गर. त्याने दोन बायका केल्या, दोघींचेही हाल केले, पण हे लिहू नकोस. त्याचा ओले, तुझा आजोबा. ओलेला तीन मुलं. तुझा बाप टोर्गर, गुरो आणि तळ्यात बुडालेला धाकटा एरिक."

मी लिहून घेतलं आणि म्हणालो, "आणि निल्स."

"कोण निल्स?"

"निल्स काका. बाबांचे भाऊ."

आजींच्या सुया थांबल्या नाहीत. "अच्छा, तो होय. तो हाउगेनच्या ओलेचा. दरीपलीकडे कूळ होते ते, वीतभर जमीन आणि तीही मालकाची. पोरगा दोन वर्षं ब्रेक्केवर गडी होता. तिथूनच तुझ्या बापाबरोबर बोटीत चढला."

"पण ते ब्रेक्के आहेत."

"ब्रेक्केवर राहायचा, मग दुसरं काय म्हणणार? ज्या शेतावर राहशील त्या शेताचं नाव. मी चार शेतांवर कामाला होते, चार नावं लागली मला."

"आणि दोघंही ओलसन."

"बाप ओले, म्हणून ओलसन. आमच्या दरीत डोळे मिटून दगड मारला असतास, तरी एका ओलेला लागला असता." मग त्यांनी मान वर केली. "इकडे त्यांना भाऊ समजतात की काय?"

मी कागद खिशात घातला आणि घोड्यावर बसलो. घोडा आपला आपण घरी आला.

ताई, मला वाईट वाटायला हवं होतं. ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली, ते आपले कुणीच नाहीत. पण मला वाईट वाटलं नाही. वाटलं ते लिहायला मघापासून वेळ काढतो आहे, म्हणून मिठाचं आणि गुडघ्याचं लिहिलं.

राग्ना शिकायला जाते आहे ती शिकायची हौस म्हणून नाही. सख्ख्या चुलत भावंडांना या राज्यात लग्नाचा परवाना मिळत नाही, आणि पाद्रीही लावून देणार नाही. दोन वर्षं आम्हां दोघांनाही हे ठाऊक आहे. आम्ही काही वावगं केलेलं नाही, एवढं मी खात्रीने लिहितो. आम्ही यावर कधी उघड बोललोही नाही. वसंतात मी त्यांच्याकडे कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करत होतो, तेव्हा ती म्हणाली, "मी जाते म्हणजे प्रश्न मिटेल." मी खिळे मोजत राहिलो.

आता खरं लिहिलं तर अडचण उरत नाही. पण खरं लिहिलं तर चर्चमध्ये चाळीस वर्षं ब्रेक्केच्या बाकावर बाबांना खेटून बसलेला माणूस पुस्तकात गडी म्हणून छापला जाईल, आणि ते पुस्तक गावातल्या प्रत्येक घरात असेल. त्यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं?

मी कुणाला आधी विचारू? बाबांना, काकांना, की कुणालाच नाही? तू घरापासून लांब आहेस, तुला जास्त नीट दिसेल. लगेच कळव.

बाबा उठले. चुलीवर कॉफी ठेवतो.

तुझा,
एलिंग

ब्रेक्के शेत
रविवार, १८ नोव्हेंबर १९२३, संध्याकाळचे सहा, गाई दोहून झाल्यावर

प्रिय ताई,

तुझं पत्र काल आलं. तू एकच ओळ लिहिलीस, आधी तिला विचार. ती ओळ पोचायच्या आधीच मी विचारून बसलो होतो, तेही उलट्या बाजूने.

राग्ना लेफ्सेच्या पातळ पोळ्या लाटत होती. कोपरापर्यंत पीठ. मी दारातच म्हणालो, "आपण चुलत भावंडं नाही," आणि आजींचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती लाटणं खाली ठेवेल. तिने ठेवलं नाही.

"म्हणजे एका शनिवारात तू माझ्या बाबांना घराबाहेर काढलंस."

"मी कुठे काढलं? मोएन आजी म्हणाल्या."

"आजी बोलल्या आणि पुन्हा विणायला लागल्या. लिहिणार तू आहेस. दोन वर्षं कोंबड्यांसमोरसुद्धा तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि आता एकदम छापूनच आणायचं?"

मी म्हणालो, खरं ते खरं.

"आणि मला तू हवा आहेस का, ते विचारणार आहेस, की तेही आजींनाच विचारून आलास?"

मग मी विचारलं. कसं ते लिहीत नाही. तिने काठीने लेफ्से उचलून तव्यावर उलटली आणि म्हणाली, "हवा आहेस. पण बाबांनी स्वतः सांगितल्याशिवाय नाही. त्यांना नको असेल तर मी मिनियापोलिसला जाते, आणि तू इथे कणसं सोल. आणि त्यांच्या पाठीमागे पान पाठवलंस, तर मिनियापोलिसहूनही तुला पत्र येणार नाही."

बुधवारी पाऊस लागला. कणसं भिजली, म्हणून दोघं आपल्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसले होते. मी सकाळपासून वाक्य तयार करत होतो. ऐन वेळी त्यातलं एकही आठवलं नाही. मी नुसतं म्हणालो, "मोएन आजी म्हणतात, काका हाउगेनचे."

बाबांनी कप खाली ठेवला. "ती बाई अजून जिवंत आहे?"

काकांना आधी हसू आलं. मग त्यांनीच सांगितलं. इकडे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात दोघांना एका शेतावर काम मिळालं. मालकिणीकडे एकच पलंग रिकामा होता. ती म्हणाली, भाऊ असाल तर दोघं निजा. परके असाल तर एकाने गोठ्यात जायचं. आडनावं सारखी, बापाचं नावही सारखं. बाहेर बर्फ. काका म्हणाले, भाऊ आहोत. "एका रात्रीपुरते भाऊ झालो होतो," ते म्हणाले. "सकाळी खरं सांगायचं राहून गेलं." पुढे त्याच बाईने त्यांना चर्चमध्ये नेलं आणि पाद्र्याला सांगितलं, हे ब्रेक्के बंधू. तेव्हापासून ते चालू आहे.

बाबा म्हणाले, "सांगून झालं? आता पानावर निल्स माझ्याखाली लिही. सही मी करणार आहे."

मग मला राग्नाचं सांगावं लागलं.

"म्हणजे पोरीसाठी तू माझा भाऊ मागतो आहेस," बाबा म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुझी आई गेली तेव्हा खड्डा कुणी खणला? जमीन दगडासारखी झाली होती. तो आणि मी, दोघांनीच खणला. ते कुठल्या पानावर लिहिणार आहेस?"

काकांनी टोपी घातली आणि पावसातच घरी गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

गुरुवारी ते आले नाहीत. असं कधी झाल्याचं मला आठवत नाही. बाबांनी एकट्याने ओळ धरली आणि दिवसभर तोंड उघडलं नाही. मी त्यांच्या मागे चालत होतो आणि मनात पान फाडत होतो. मी ठरवलं होतं, काकांना भाऊ म्हणूनच लिहायचं आणि राग्नाला स्टेशनवर पोचवायला आपणच जायचं. हे खोटं नाही, ताई. मी खरंच ठरवलं होतं.

शुक्रवारी उजाडता काका आले. त्यांनी हातमोजे चढवले, आपली ओळ धरली, आणि बऱ्याच वेळाने गाडीच्या पलीकडून विचारलं, "एलिंग, एका घराण्याला किती पानं?"

"एक, काका."

"मग माझ्यासाठी दुसरा कागद आण."

बाबा थांबले. काका थांबले नाहीत, कणसं गाडीत पडत राहिली. "माझा बाप ओले हाउगेन. चाळीस वर्षांत मी त्याचं नाव कुठे लिहिलं नाही. बायकोलासुद्धा सांगितलं, माझा बाप ब्रेक्केचा. रात्रभर ऊब मिळाली, तिच्या भाड्यात मी बाप देऊन टाकला, टोर्गर. तो जन्मभर दुसऱ्याच्या जमिनीवर राबला. पुस्तकात तरी त्याला स्वतःची जागा असू दे. परवा रात्रीपासून त्याच्याशिवाय दुसरं काही सुचलेलं नाही."

"लोक तुला गडी म्हणतील," बाबा म्हणाले.

"गडीच होतो. तुमच्या घरचं जेवण वाईट नव्हतं."

"आणि मी कोण मग?"

"व्याही."

बाबांच्या हातातलं कणीस गाडीच्या उंच फळीवरून पार पलीकडे गेलं. "व्याह्याला मान द्यावा लागतो," ते म्हणाले. "भावाला शिव्या देता येतात. या वयात मी तुला अहोजाहो करणार नाही."

"नको करू. कणसं गाडीत टाक म्हणजे झालं."

तेवढंच बोलणं झालं. दुपारी राग्ना जेवण घेऊन आली. बाबांनी तिच्याकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं आणि तिला म्हणाले, "एलिंगला कणसं सोलता येत नाहीत, हे ठाऊक आहे ना तुला? नंतर तक्रार नको." ती म्हणाली, "मी नवरा बघितलाय, कणसं सोलणारा नाही." मी खाली बघून खात राहिलो.

आज चर्चहून आल्यावर दोन्ही पानं पुरी केली. आपल्या पानावर एरिकपासून तुझ्या दोन्ही मुलांपर्यंत सगळे आहेत. मुलांची नावं तू लिहिलीस तशीच ठेवली. बाबांनी सही करायला फार वेळ घेतला. निल्स जिथे आले असते ती जागा त्यांनी बोटाने दाबून धरली होती.

काकांचं पान वरून जवळजवळ कोरं आहे. ओले हाउगेन, आणि त्याची बायको कारी. ओलेच्या वर कोण, हे त्यांना ठाऊक नाही, मोएन आजींनाही नाही. कुळांची नावं कोण लक्षात ठेवतो. खाली राग्ना. तिच्या नावापुढे आणि खाली काकांनी मला जागा सोडायला लावली. "किती ओळी?" मी विचारलं. "ते मला काय विचारतोस?" ते म्हणाले.

त्यांची सही झाल्यावर बाबांनी तो कागद आपल्याकडे ओढला. मी म्हणालो, "बाबा, या पानावर दुसरी सही लागत नाही, नियमात तसं नाही." त्यांनी ऐकलं नाही. समासात, काकांच्या सहीला खेटून, त्यांनी आपली सही केली. शाई थोडी फाकली आहे. मंडळ पान परत पाठवेल अशी मला काळजी आहे, पण खोडता येत नाही. उद्या टपालात टाकतो.

राग्नाने दवाखान्याला अजून नाही म्हणून कळवलेलं नाही. परवाना हातात पडला की कळवेन म्हणते. मला ते बरोबर वाटतं, आणि झोपही लागत नाही. पाद्र्याला भेटायला मंगळवारी आम्ही चौघंही जाणार आहोत. बोलणार काका.

त्यांना आता काय म्हणायचं, यावर मी आज सकाळी दोनदा अडखळलो. ते म्हणाले, काकाच म्हण, आणि तुझ्या ताईला, गुनहिल्डलाही सांग, ख्रिसमसच्या पत्रावर काकाच लिहायचं.

ब्रेक्केच्या ओलेचा नातू, आणि पाद्र्याने हो म्हटलं तर हाउगेनच्या ओलेचा नातजावई,
तुझा,
एलिंग