मिनूचे हात

मंगळवार, संध्याकाळ

माझी मुलगी मिनू चार वर्षांची असताना आम्ही दोघी रोज गॅलरीत बसायचो. ती सारखे हात चोळायची, मी ते दाबून धरायचे. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हा मुलींचे धरायच्या तसेच, घट्ट.

हात तिच्या ताब्यातच नव्हते. जनुकातला दुर्मीळ दोष, मेंदूचा आजार, हे पुढे कळलं. त्यातच तिचं बोलणं बंद झालं. वाचा गेली म्हणजे सांगणंही संपलं, असं मीच ठरवून टाकलं.

आज कामाला नवीनच लागलेली शांताबाई म्हणाली, "हाताकडं काय बघताय बाई? डोळ्याकडं बघा की! तांब्याकडं बघतीया, पाणी पायजे तिला."

पाजलं. सगळं प्यायली. तीस वर्षं ती बघत होती आणि मी हातच धरत राहिले?

माझ्यानंतर पुस्तकं भाचीला, साड्या शांताबाईला द्याव्यात. मिनूने कुणाकडे राहायचं, ते तिलाच विचारावं. सगळ्यांना समोर बसवावं आणि ती कुणाकडे बघते ते पाहावं. घाई करू नये.